उंदराच्या मेंदूतल्या काळ्या रेघा

मेंदूचे ते लाल-पिवळे ठिपके असलेले फोटो पेपरात येतात ना, बोलताना हा भाग काम करतो, चेहरा ओळखताना तो, त्यामागे सेइजी ओगावा नावाचे जपानी शास्त्रज्ञ आहेत आणि आपल्याकडे त्यांचं नाव फारसं कोणाला माहीतच नाही, ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

जन्म १९३४ चा, टोकियोत. शिकले फिजिक्स, मग स्टॅनफर्डहून १९६७ ला केमिस्ट्रीत पीएचडी, आणि १९६८ पासून न्यू जर्सीच्या बेल लॅब्समध्ये, म्हणजे चक्क टेलिफोन कंपनीच्या लॅबमध्ये, २००१ पर्यंत. डॉक्टर नव्हते बरं का.

तिथे १९८० च्या दशकाच्या शेवटी ते जास्त ताकदीच्या मॅग्नेटमध्ये उंदरांच्या मेंदूचा एमआरआय काढत होते, तर फोटोत बारीक बारीक काळ्या रेघा दिसायच्या, आणि उंदराला शुद्ध ऑक्सिजन दिला की त्या गायब! दुसरा कोणी असता तर मशीनचा दोष म्हणून सोडून दिलं असतं. ह्या रेघा रक्तवाहिन्यांच्याच, म्हणून त्यांनी टेस्ट ट्यूबमध्ये रक्त भरून त्याच मशीनमध्ये तपासलं. ऑक्सिजनवालं रक्त असलेली ट्यूब स्वच्छ दिसली, ऑक्सिजन काढून घेतलेल्या रक्ताच्या ट्यूबभोवती मात्र काळा डाग पसरलेला. कारण ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन मॅग्नेटकडे किंचित ओढलं जातं. हे लायनस पॉलिंग ह्या अमेरिकन केमिस्टनी १९३६ लाच दाखवलं होतं, पण त्यातून मेंदूचं काम बघता येईल हे पन्नासेक वर्षं कोणाच्या डोक्यात आलं नाही.

आता मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिथे रक्त गरजेपेक्षा जास्तच धावतं, त्यामुळे तिथलं ऑक्सिजन नसलेलं हिमोग्लोबिन कमी होतं आणि फोटोत तो भाग जरासा उजळतो. म्हणजे दिसतो तो विचार नाही, रक्त दिसतं, तेही चार-पाच सेकंद उशिरा, ही गोष्ट बातम्या देणारे नेहमी विसरतात.

१९९० ला ह्यावरचे ओगावांचे शोधनिबंध आले, १९९२ ला माणसांवरचे प्रयोग, त्यांचे अमेरिकेतल्या मिनेसोटात आणि बोस्टन, मिलवॉकीच्या टीम्सचेही त्याच वर्षी. मेंदूचं काम बघायच्या आधीच्या पद्धतीला, पेट (PET) स्कॅनला, रेडिओअ‍ॅक्टिव्ह द्रव्य टोचावं लागायचं, इथे सुईसुद्धा नाही. २००३ ला त्यांना जपान प्राइझ मिळालं.

आज ट्यूमरच्या ऑपरेशनआधी पेशंटला मशीनमध्ये झोपवून मनातल्या मनात शब्द म्हणायला सांगतात आणि वाचेची जागा नेमकी कुठे आहे ते सर्जन आधीच बघून ठेवतात.