इंदूरचं ऊन आणि कार्बनचे निळे कण

मे महिन्यात अंग भाजतं, म्हणून अतिनील किरणही तेव्हाच सर्वांत तीव्र, असं बहुतेकांना वाटतं. पण उष्मा वेगळा, अतिनील किरण वेगळे. इंदूर 22.7 अंश उत्तरेला, कर्कवृत्ताच्या जरा खाली. त्यामुळे सूर्य अगदी डोक्यावर येतो तो जूनच्या पहिल्या पंधरवड्यात आणि पुन्हा जुलैच्या सुरुवातीला. पावसाने राजवाड्याजवळ गारवा आलेला असतो, पण ढग फाकले की हे किरण जोरात असतात. ग्रहणात मात्र सूर्यातून वेगळे ‘विषारी’ किरण येत नाहीत. उलट झाकलेल्या सूर्याकडून ते कमीच पोहोचतात.

हे अतिनील किरण डोळ्यांना दाखवतात कार्बन डॉट्स, म्हणजे कार्बनचे 10 नॅनोमीटरहून लहान कण (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग). त्यांच्या चमकेवरून हे किरण मोजणारं साधन बनवता येतं. 2004 साली ते कार्बन नॅनोट्यूबच्या, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांच्या, काजळीत सापडले. 365 नॅनोमीटरचा अतिनील फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, 3.4 इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा आणतो. इलेक्ट्रॉन वर चढतो, थोडी ऊर्जा कणाच्या कंपनांत उष्णता म्हणून जाते आणि काही नॅनोसेकंदांत उरलेली सुमारे 2.75 इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा 450 नॅनोमीटरचा निळा प्रकाश होऊन बाहेर पडते.

कण बनवायची कृती अशी: सायट्रिक ॲसिड 1 ग्रॅम, युरिया 1 ग्रॅम, पाणी 10 मिली, 700 वॉटच्या मायक्रोवेव्हमध्ये 4-5 मिनिटं. अमोनिया सुटतो, म्हणून हे काम प्रयोगशाळेतच, धूर ओढणाऱ्या कपाटात करावं. खताचा युरिया नको, त्यावर कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो. तपकिरी गोळा पाण्यात विरघळवून गाळावा आणि डायलिसिस करावं, म्हणजे बारीक छिद्रांच्या पडद्यातून छोटे रेणू बाहेर जाऊ द्यावेत. ते टाळलं तर चमकतात ते पुष्कळदा कण नसून सोबत तयार झालेले छोटे रेणू, आणि ते उन्हात लवकर फिके पडतात.

द्रावण गडद ठेवू नये. गडद द्रावणात किरण वरच्याच थरात शोषले जातात, आत काहीच उजळत नाही. नुसतं सुकवलं तरी कण एकमेकांना चिकटून चमक मरते. म्हणून ते पॉलिव्हिनाइल अल्कोहोल या पाण्यात विरघळणाऱ्या प्लॅस्टिकच्या 5 टक्के द्रावणात मिसळून काचेवर पातळ फिल्म ओतावी.

खरी अडचण उन्हाचीच. त्यात 450 नॅनोमीटरचा प्रकाश एवढा असतो की फिल्मची चमक त्यात बुडते. त्यासाठी फिल्मसमोर मुख्यतः अतिनील सोडणारी काळसर फिल्टर-काच लावावी. ही काच थोडा लाल आणि अवरक्त प्रकाशही सोडते, आणि फिल्मची चमक मोजायला मागे लावलेल्या सिलिकॉन फोटोडायोडला, म्हणजे प्रकाशाची वीज करणाऱ्या भागाला, तो छान दिसतो. म्हणून फिल्म आणि डायोडच्या मध्ये 450 नॅनोमीटरचा अरुंद पट्ट्याचा फिल्टर हवाच. शेवटी 365 नॅनोमीटरची एलईडी ठरावीक अंतरावर ठेवून वाचन तपासावं. ते घटत गेलं तर फिल्म बदलावी.