निळा रंग धुताना उमटतो

सायनोटाइप म्हणजे उन्हाने कागदावर निळं चित्र छापायची पद्धत. उन्हातून आत आणलेला तिचा कागद पहिल्यांदा बघणाऱ्याची निराशाच करतो. वर ठेवलेलं पिंपळपान उचललं की त्याच्या जागी पिवळट-हिरवी आकृती आणि भोवती मळकट करडा रंग. कागद पाण्याच्या ट्रेमध्ये सरकवला की पाण्यात पिवळे ढग उतरतात आणि करड्याचा निळा होऊ लागतो. कितीदा केलं तरी त्या क्षणी मी श्वास रोखून बघते.

ही पद्धत ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी 1842 मध्ये शोधली. कागदाला फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांचं मिश्रण लावतात. ऊन लागलं तिथलं फेरिक लोह फेरस या लोहाच्या दुसऱ्या रूपात बदलतं आणि फेरिसायनाइडशी जुळून प्रशियन ब्लू हा निळा रंग तयार होतो. तो पाण्यात विरघळत नाही, कागदाच्या तंतूंना धरून बसतो. सावलीतलं मिश्रण मात्र विरघळतं, आणि ते पूर्ण निघायलाच हवं. राहिलं तर पुढे उजेडात तेही निळं पडतं.

सुरुवातीला मी बोअरच्या पाण्यात धूत असे. बादलीवर पांढरा थर धरणारं ते जड पाणी. निळा रंग विटायचा, पांढऱ्या जागा पिवळसर राहायच्या. असं पाणी अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचं असतं, आणि प्रशियन ब्लूला अल्क सोसत नाही. त्यात तो मोडतो. शिवाय उरलेलं फेरिक लोह अशा पाण्यात न विरघळणारं, गंजासारखं हायड्रॉक्साइड होऊन तंतूंत अडकतं. म्हणून पहिलं पाणी किंचित आंबट हवं. चिमूटभर लिंबूसत्त्व पुरतं. त्यानंतर साधं पाणी, पिवळेपणा पुरता जाईपर्यंत. साबणाचा हात तर अजिबात नको.

विल्यम विलिस यांनी 1873 मध्ये पेटंट घेतलेल्या, प्लॅटिनम धातूने फोटो छापायच्या पद्धतीतही डोकेदुखी लोहाचीच. प्लॅटिनम विटत नाही, पण मागे राहिलेलं लोह कागद पिवळा करतं. पूर्वी ते सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने काढत. आता बरेच जण ईडीटीए नावाचं रसायन वापरतात. त्याचा रेणू खेकड्याने नांगीत पकडावं तसा लोहाला पकडून पाण्यात ओढून नेतो.

जास्त ऊन खाल्लेल्या सायनोटाइपमध्ये काही निळा बिनरंगी होऊन बसलेला असतो. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या थोड्या थेंबांनी तो लगेच परततो. मी ते टाकत नाही. कागद दोरीला चिमट्याने लावते, आणि हवेतल्या ऑक्सिजनमुळे सकाळपर्यंत तो आपसूक गडद झालेला असतो.