स्टोरेज प्रशासन : खानदेशातील व्यवहार

रुग्णालय, बँक, विद्यापीठ किंवा कारखान्याचा डेटा वेगवेगळ्या सर्व्हरमध्ये विखरून न ठेवता एका सामाईक यंत्रणेत ठेवणे, त्या यंत्रणेतील जागा गरजेप्रमाणे वाटून देणे आणि तिचे बिघडलेले भाग काम न थांबवता बदलणे, या सगळ्या जबाबदारीला स्टोरेज प्रशासन म्हणतात. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांच्या खानदेशात या कामाचे तंत्र इतर ठिकाणच्यासारखेच आहे. परिस्थिती मात्र वेगळी आहे. उन्हाळ्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या वर जातो. सुटे भाग आणि कंपनीचे अभियंते बहुधा मुंबई, पुणे किंवा नाशिकहून यावे लागतात, आणि जळगाव ते मुंबई हे रेल्वेचे अंतरच सुमारे ४२० किलोमीटर आहे. त्यामुळे डिस्क बिघडल्यापासून नवी बसेपर्यंतचा काळ इथे लांबतो, आणि इथल्या प्रशासकाला आपले बहुतेक निर्णय तो काळ लक्षात ठेवूनच घ्यावे लागतात.

चुंबकीय हार्ड डिस्क पहिल्यांदा आयबीएमने १९५६ मध्ये रामॅक यंत्रासोबत आणली. तिच्या २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्यांवर मिळून सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आजच्या पद्धतीचा पाया मात्र १९८८ चा आहे. त्या वर्षी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एका महागड्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क एकत्र जोडून, एखादी गेली तरी डेटा शाबूत राहील अशी रचना मांडली. तिला रेड म्हणतात. रेड ५ मध्ये एक डिस्क गेली तरी चालते, रेड ६ मध्ये दोन. रेड १० मध्ये प्रत्येक डिस्कची तोच मजकूर असलेली जोडीदार डिस्क असते.

यंत्रणेची रचना

नेहमीच्या मध्यम आकाराच्या यंत्रणेत दोन कंट्रोलर (डेटाची ये-जा सांभाळणारे भाग), डिस्कचे एक किंवा अनेक शेल्फ, प्रत्येकाला दोन पॉवर सप्लाय आणि पंखे असतात. लिहिण्यासाठी आलेला डेटा आधी कंट्रोलरच्या कॅशमध्ये (तात्पुरत्या, वेगवान स्मृतीत) उतरतो आणि मग डिस्कवर जातो. मध्येच वीज गेली तर तो वाचवायला बॅटरी असते. सर्व्हर या यंत्रणेला फायबर चॅनेल (स्टोरेजसाठीचे वेगळे, वेगवान जाळे) किंवा आयस्कझीने (साध्या नेटवर्कवरून डिस्क जोडण्याची पद्धत) जोडतात, किंवा साध्या नेटवर्कवरून फाइल-शेअर म्हणून वापरतात.

डिस्क बदलणे

डिस्क उडाली की शेल्फवर पिवळा दिवा लागतो आणि यंत्रणा मेल पाठवते. हॉट स्पेअर म्हणून राखलेली डिस्क लगेच जागा घेते आणि रिबिल्ड सुरू होतो, म्हणजे उरलेल्या डिस्कवरून गेलेल्या डिस्कचा मजकूर पुन्हा तयार होऊ लागतो. ८ टीबीची (टेराबाइटची) डिस्क सेकंदाला १०० एमबी (मेगाबाइट) या वेगाने भरायची तर ८० हजार सेकंद, म्हणजे २२ तासांहून जास्त वेळ लागतो. त्याच डिस्कवर दिवसभराचे कामही चालू असेल तर तो दोन-तीन दिवसांवर सहज जातो. या काळात रेड ५ च्या गटाला कोणताही आधार नसतो. एकाच खोक्यातून, एकाच दिवशी आलेल्या डिस्कचे वयही एकच असते. एक गेल्यावर दुसरी लवकर जाण्याची शक्यता त्यामुळे वाढते, आणि रिबिल्डच्या ताणाने ती आणखी वाढते. मोठ्या डिस्कसाठी रेड ६ घ्यावे असे सगळीकडेच सांगतात. खानदेशात ते टाळणे परवडत नाही. शिवाय दोन हॉट स्पेअर आणि कपाटात एक बंद पाकिटातली डिस्क ठेवणे हा इथे चैनीचा खर्च नाही. शुक्रवारी संध्याकाळी गेलेल्या डिस्कचा बदली भाग सोमवारच्या आधी हातात पडेल, असे इथे धरून चालता येत नाही.

बाजारातून तशीच डिस्क आणून लावू, हा विचार खरेदी विभागाकडून नेहमी येतो. तो बहुधा फसतो. अनेक कंपन्यांच्या यंत्रणांत डिस्कचा सेक्टर (साठवणुकीचा सर्वांत लहान कप्पा) ५१२ ऐवजी ५२० बाइटचा असतो आणि फर्मवेअरही (डिस्कमध्येच भरलेले सॉफ्टवेअर) कंपनीचे असते. तेच मॉडेल, तीच क्षमता असूनही यंत्रणा बाजारातली डिस्क ओळखत नाही. बदली डिस्क त्याच प्रकारची, तेवढ्याच किंवा जास्त क्षमतेची आणि यंत्रणेच्या यादीतली असावी लागते.

सर्वांत घातक चूक होते ती डिस्क ओळखताना. खणांचे क्रमांक पुष्कळ यंत्रणांत शून्यापासून सुरू होतात, त्यामुळे ११ क्रमांकाची डिस्क ही मोजताना बारावी येते. काही कंपन्या खण आडवे मोजतात, काही उभे. तज्ज्ञ पुण्यात आणि रॅकपाशी भुसावळचा संगणक-चालक, अशा जोडीने काम करताना म्हणूनच बोलण्याची एक शिस्त पाळावी लागते :

“भाऊ, मी डिस्क दाखवणारं लोकेट लावलंय. दिवा लुकलुकतोय का?”

“हो, लुकलुकतोय.”

“शेल्फ आणि खण मोठ्यानं वाचा.”

“शेल्फ एक, खण सात.”

“बोट तिथंच ठेवा. अजून ओढू नका. लेबलवरचा सिरियल नंबर वाचून दाखवा.”

सिरियल नंबर जुळला की खटका उघडून डिस्क बोटभर बाहेर घ्यायची आणि तबकड्या थांबेपर्यंत अर्धा-एक मिनिट तशीच धरायची. मग ती पूर्ण काढायची. नवी डिस्क सरकवताना खटका जोराने दाबू नये. मनगटावर स्थिर विजेचा पट्टा असावा. हे सगळे करण्याआधी लॉग (यंत्रणेने ठेवलेली घडामोडींची नोंद) वाचायला हवा, कारण गटातली दुसरी एखादी डिस्क वाचनदोष दाखवत असेल तर आधी बॅकअप घ्यायचा आणि मगच हात लावायचा. घाईने चांगली डिस्क ओढली गेली तर रेड ५ मध्ये पूर्ण गट बसतो आणि तो परत उभा करायला बॅकअपच लागतो. रेड म्हणजे बॅकअप असा समज अजूनही पुष्कळ कार्यालयांत आहे. तो धोक्याचा आहे : चुकून पुसलेली फाइल रेड सगळ्या डिस्कवर तितक्याच इमानाने पुसतो.

कंट्रोलर बदलणे त्या मानाने क्वचित घडते. त्यात मुख्य तपासणी सर्व्हरच्या बाजूची असते. प्रत्येक सर्व्हरला दोन्ही कंट्रोलरकडून मार्ग दिसतो का, हे मल्टिपाथच्या (सर्व्हरपासून स्टोरेजपर्यंतच्या सगळ्या मार्गांच्या) यादीत पाहिल्याशिवाय एकही केबल काढू नये. कॅशची बॅटरी संपली की यंत्रणा बंद पडत नाही, लिहिणे मात्र एकदम मंदावते. “सॉफ्टवेअर हळू चालतंय” अशी तक्रार आली की अनुभवी प्रशासक आधी बॅटरीची स्थिती बघतो.

उष्णता, धूळ आणि वीज

माहिती केंद्रासाठी अमेरिकेतील ॲश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेने सुचवलेले तापमान १८ ते २७ अंश सेल्सिअस आहे. बाहेर ४५ अंश असताना छोट्या सर्व्हर-खोलीतला एसी बंद पडला, तर तापमान चढायला फार वेळ लागत नाही. यंत्रणा आधी पंखे वाढवते, मग इशारे देते आणि शेवटी स्वतःला बंद करून घेते. एकाच मोठ्या एसीपेक्षा आलटून-पालटून चालणारे दोन एसी म्हणूनच बरे. घराघरांत चालणारा वाळ्याचा कूलर मात्र या खोलीत आणीबाणीतही लावू नये. तो हवेत ओल आणि धूळ दोन्ही सोडतो. जिनिंगच्या आवारातल्या कार्यालयांत कापसाचे तंतू जाळ्यांवर साचतात. तिथे हंगामात गाळण्या वारंवार झटकाव्या लागतात.

दोन पॉवर सप्लाय असूनही दोन्हीच्या वायरी एकाच यूपीएसला लावलेल्या असणे, हा नेहमी दिसणारा दोष आहे. दोन सप्लायचा उपयोग त्यांना दोन वेगळे यूपीएस असतील तरच होतो. जनरेटर सुरू होईपर्यंत यूपीएस खरोखर टिकतो का, याची चाचणी एप्रिलच्या आधी घ्यावी.

जागेचे वाटप

खरेदीच्या कागदावर ४ टीबीच्या १२ डिस्क, म्हणजे ४८ टीबी लिहिलेले असते. एक डिस्क स्पेअर ठेवली, रेड ६ मध्ये दोन डिस्कइतकी जागा पॅरिटीला (गेलेल्या डिस्कचा मजकूर पुन्हा तयार करण्यासाठीच्या हिशेबाला) गेली की उरतात नऊ डिस्क, म्हणजे ३६ टीबी. त्यातही डिस्क बनवणारा टीबी दशमान पद्धतीने मोजतो आणि अनेक ऑपरेटिंग सिस्टिम १०२४ च्या पटीत मोजतात, म्हणून पडद्यावर साधारण ३२.७ इतकाच आकडा दिसतो. पैसे ४८ चे दिले आणि दिसतात ३२, यावरून लेखापरीक्षणात प्रश्न निघतात. हा हिशेब खरेदीच्या टिपणीतच मांडलेला असावा.

वाटपाची साखळी ठरलेली आहे. मागणी आली की पूलमधून (सगळ्या डिस्कच्या एकत्र केलेल्या जागेतून) लन, म्हणजे सर्व्हरला एक स्वतंत्र डिस्क म्हणून दिसणारा तुकडा, कापायचा आणि दोघांना जोडणाऱ्या स्विचवर झोनिंग करून सर्व्हरचे कार्ड व स्टोरेजचे पोर्ट एकमेकांना दिसतील असे करायचे. मग लन नेमक्या त्या सर्व्हरलाच मॅप करायचा (म्हणजे फक्त त्यालाच दिसेल असा जोडायचा), सर्व्हरवर पुन्हा स्कॅन करायचे आणि शेवटी फाइल सिस्टिम (फाइली मांडून ठेवण्याची रचना) बनवायची किंवा वाढवायची. फायबर चॅनेलमधील प्रत्येक पोर्टला १६ षोडशमान अंकांचा (० ते ९ आणि A ते F) जागतिक क्रमांक असतो. तो हाताने टाइप करू नये, कॉपी करावा. क्लस्टर नसलेल्या (एकमेकांशी ताळमेळ ठेवून न चालणाऱ्या) दोन सर्व्हरना एकच लन दिसला तर दोघेही त्यावर आपापल्या परीने लिहितात आणि फाइल सिस्टिम बिघडते. ही चूक तात्काळ दिसत नाही, काही तासांनी किंवा दिवसांनी उघड होते. लन वाढवणे सोपे आहे, कमी करणे बहुधा शक्य नसते, म्हणून सुरुवातीला थोडेच द्यावे आणि मागतील तसे वाढवावे. लन काढायचा असेल तर आधी फक्त मॅपिंग काढून काही दिवस थांबावे. कोणाची ओरड आली नाही की मग पुसावा.

थिन प्रोव्हिजनिंगमध्ये सर्व्हरला मोठी जागा दाखवली जाते, प्रत्यक्षात डेटा लिहिला जाईल तेवढीच पूलमधून जाते. धरणात पाणी थोडे आणि कागदावरचे लाभक्षेत्र मोठे, तशी ही स्थिती असते. सगळ्यांनी एकदम मागितले तर पूल भरतो आणि त्यावरच्या सगळ्याच लनवरचे लिहिणे थांबते, अगदी ज्याने काही जास्त वापरले नाही त्याचेही. इशारे ७० आणि ८० टक्क्यांवर लावावेत. ९० टक्क्यांना जागे झाल्यावर नवीन शेल्फची निविदा, मंजुरी आणि पुरवठा यांसाठी वेळ उरत नाही. स्नॅपशॉट (डेटाची त्या क्षणाची गोठवलेली प्रत) ठेवून विसरणे हे पूल भरण्याचे सर्वांत साधे कारण आहे. जितका जुना स्नॅपशॉट, तितके जास्त बदललेले ब्लॉक (डेटाचे छोटे तुकडे) तो धरून बसतो.

जागा सर्वांत वेगाने खातात ते कॅमेरे. ४ मेगाबिट प्रतिसेकंद वेगाचा एक सीसीटीव्ही कॅमेरा ३० दिवसांत सुमारे १.३ टीबी चित्रण करतो. १०० कॅमेऱ्यांना १३० टीबी लागते. हे चित्रण आणि रुग्णालयातील सीटी स्कॅन-एमआरआयच्या प्रतिमा एकाच पूलमध्ये ठेवू नयेत. चित्रण ठरावीक दिवसांनी पुसले तरी चालते, रुग्णाची प्रतिमा गेली तर ती परत मिळत नाही.

मनुष्यबळ

शिरपूर, बांभोरी, फैजपूर येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांतून आणि जळगावच्या विद्यापीठातून संगणकशास्त्र शिकलेली अनेक मुले या कामासाठी पुण्या-मुंबईला जातात. विद्यापीठाची स्थापना १५ ऑगस्ट १९९० ची. आता त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव आहे. विप्रो या माहिती-तंत्रज्ञान कंपनीचा उगमही खानदेशातलाच : १९४५ मध्ये अमळनेरला ती वनस्पती तेलाचा कारखाना म्हणून सुरू झाली. स्थानिक संस्थांत मात्र स्टोरेज, नेटवर्क, प्रिंटर आणि परीक्षेचे निकाल असे सगळे एकाच माणसाच्या गळ्यात असणे हे नित्याचे आहे. अशा माणसाने आपल्या यंत्रणेची खणवार नोंद, लनची यादी, झोनिंगचा तपशील आणि देखभाल-कराराचा क्रमांक कागदावर छापून रॅकच्या दाराला लावावा. तो रजेवर असताना डिस्क गेली तर दुसऱ्याच्या हाती दुसरे काही नसते.

जुनी यंत्रणा निकाली काढणे

बिघडलेली डिस्क कंपनीला परत द्यायची असते, पण तिच्यावर ग्राहकांचा किंवा रुग्णांचा डेटा असतोच. अशा संस्थांनी डिस्क आपल्याकडेच ठेवण्याची सोय करारात सुरुवातीलाच घ्यावी. चुंबकीय डिस्क डिगॉसरने (तीव्र चुंबकीय क्षेत्राच्या यंत्राने) पुसता येते. एसएसडीवर (चिपमध्ये डेटा ठेवणाऱ्या डिस्कवर) चुंबकाचा परिणाम होत नाही, तिच्यासाठी कूटबद्ध डेटाची किल्ली नष्ट करणे किंवा एसएसडीचाच चुरा करणे हे मार्ग आहेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार जुनी यंत्रणा नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरण करणारा किंवा पुनर्चक्रण करणारा यांच्याकडेच द्यावी लागते. भंगाराच्या लिलावात डिस्कसकट शेल्फ विकणे दोन्ही कारणांनी चूक आहे.