फॉकलंडचा 'लांडगा' नेमका कुणाचा?

दक्षिण अटलांटिकमधल्या फॉकलंड बेटांवर जमिनीवर राहणारा मूळचा सस्तन प्राणी एकच होता: तांबूस-तपकिरी अंगाचा, शेपटीचं टोक पांढरं असलेला, कोल्ह्यासारखा दिसणारा 'वॉरा', म्हणजेच फॉकलंडचा लांडगा. त्याची पहिली नोंद 1690 ची, शास्त्रीय नाव 1792 चं. दक्षिण अमेरिकेची मुख्य भूमी सुमारे 460 किलोमीटर दूर असताना तो तिथं आला कुठून, हे कोडं मात्र शतकानुशतकं सुटलं नाही.

डार्विन 1833 आणि 1834 मध्ये तिथं गेला. पूर्वेकडच्या बेटावरचे आणि पश्चिमेकडचे प्राणी वेगळे दिसतात, असं त्याला सांगण्यात आलं. परतीच्या प्रवासातल्या टिपणात त्याने गालापागोसच्या पक्ष्यांबरोबर हेच उदाहरण घेतलं आणि अशा गोष्टींनी प्रजाती स्थिर असतात या समजुतीलाच धक्का बसेल, असं लिहिलं. पक्षी जगप्रसिद्ध झाले. वॉराचा उल्लेख क्वचितच होतो, आणि तो व्हायला हवा. प्राणी इतका निर्धास्त, की गाउचो (घोड्यावरून गुरं राखणारे) एका हातात मांस धरून त्याला जवळ बोलवत आणि दुसऱ्या हातातल्या सुरीने मारत. पुढे फरचे व्यापारी आले, मग मेंढ्या पाळणाऱ्यांनी विष घातलं. 1876 मध्ये तो संपला.

उरल्या संग्रहालयांतल्या थोड्या कवट्या आणि कातडी. त्यावरून कुणी त्याला कोयोटीच्या जवळ नेलं, कुणी दक्षिण अमेरिकी कोल्ह्यांच्या, तर कुणी माणसाळून पुन्हा रानटी झालेला मानलं. 2009 मध्ये डीएनए तपासल्यावर जिवंत प्राण्यांतला त्याचा सर्वात जवळचा नातलग निघाला लांब पायांचा आयाळी लांडगा. पण दोघांची फारकत लाखो वर्षांपूर्वीची, त्यामुळे बेटाचं कोडं तसंच राहिलं. खरा दुवा होता मुख्य भूमीवरचा कोल्ह्यासारखाच 'डुसिसायन एव्हस', तोही नामशेष. 2013 मध्ये त्याच्या अवशेषांतल्या डीएनएवरून दोघे सुमारे 16,000 वर्षांपूर्वी वेगळे झाले असा अंदाज आला. हिमयुगात समुद्र उतरून उरलेली अरुंद सामुद्रधुनी गोठली असावी आणि तो बर्फावरून आला असावा, असं या अभ्यासकांचं म्हणणं.

2021 मध्ये युरोपियनांच्या आधी तिथं माणसं येऊन गेल्याच्या खुणा पुढे आल्या आणि त्यांनीच त्याला होडीतून आणलं असेल, हा जुना तर्क पुन्हा उभा राहिला. मला बर्फाचा मार्ग जास्त पटतो. पण वंश फुटल्याचा काळ म्हणजेच बेटावर पोहोचल्याचा काळ, असं धरता येत नाही. शिवाय होडीच्या तर्काला थोडं बळ देणारी एक गोष्ट आहे: अर्जेंटिनात कान्याडा सेका इथं माणसांच्या दफनभूमीत एक एव्हस सापडला आहे. आधी तो दुसराच कोल्हा समजला गेला होता. 2024 मध्ये ओळख पटली, तेव्हा त्याचा आहारही तिथल्या माणसांच्या आहाराशी मिळताजुळता निघाला.