हॉटेलातला आमरस फार गार नको

पाडव्याच्या सुमारास थाळीच्या हॉटेलांबाहेर ‘आमरस सुरू’ अशा पाट्या दिसू लागतात. तेव्हा हापूस थोडा आणि महाग असतो, म्हणून काही ठिकाणी डब्यातला पल्प वापरतात. तो वाईट नसतो. पण टिकण्यासाठी पल्प तापवावा लागतो आणि त्यात हापूसचा नाजूक वास बराचसा उडून जातो. रंग राहतो, गोडी राहते, मात्र नाकाला किंचित शिजवल्यासारखा वास येतो. ताज्या हापूसचा रस हवा असेल तर एप्रिलच्या मध्यानंतर जावं.

हापूसची ओळख त्याच्या वासात आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत यावर बरंच काम झालंय. कच्च्या फळात टर्पीन गटातली वासाची द्रव्यं भरपूर असतात. आंबा पिकत जातो तशी लॅक्टोन आणि फ्युरॅनोन ही गोडसर वासाची द्रव्यं तयार होतात आणि तो ओळखीचा गोडसर घमघमाट येतो. आंबा अर्धवट पिकलेला असताना रस काढला, तर साखर घालून गोडी आणता येते, वास आणता येत नाही. आढीत घालण्याआधीच कच्चा आंबा फ्रिजमध्ये ठेवला तरी तीच गत होते: साधारण १२-१३ अंशांखाली सालीवर काळे डाग पडतात आणि फळ नीट पिकतच नाही.

आता रस वाढतानाचं तापमान. गोड चव ओळखणाऱ्या पेशींत टीआरपीएम५ नावाची एक वाहिनी असते, म्हणजे पेशीच्या आवरणातलं, विद्युतभारित कण आत सोडणारं प्रथिन. १५ अंशांना ती जेमतेम काम करते, ३५ अंशांकडे जाताना तिचा प्रतिसाद खूप वाढतो. २००५ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत हे दिसलं: ही वाहिनी नसलेल्या उंदरांत उष्णतेने गोडीचा प्रतिसाद वाढला नाही. शिवाय गार पदार्थातून वासाची द्रव्यं हवेत कमी सुटतात. म्हणजे फ्रिजमधून ४-५ अंशांवर निघालेल्या रसाची गोडी आणि वास, दोन्ही दबतात. मग मुदपाकखान्यात साखर वाढवली जाते. हे टाळायला वाटी आली की बाजूला ठेवावी, आधी भाजी-आमटी खावी, पंधरा-वीस मिनिटांनी चमच्याने ढवळून रसाकडे वळावं. वाढप्याला ‘बर्फ नको’ असं आधीच सांगितलेलं बरं.

रस काळपट दिसत असेल तर कारण बहुधा हवा. फोडलेल्या गरातलं पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने गर तपकिरी करतं. मिक्सर जोरात आणि फार वेळ फिरवला की गरात हवा मिसळते. रस फेसाळतो, फिका दिसतो आणि लवकर काळवंडतो. पायरीचा गर तर हाताने पिळून, जाळीतून गाळलेलाच उत्तम. हापूसमधला साका बाहेरून दिसत नाही, म्हणून फळ कापल्यावर तो पांढरट, आंबट भाग निघाला तर रस काढण्याआधीच काढून टाकायला हवा. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून वेंगुर्ल्यात तयार केलेल्या आणि १९८१ मध्ये प्रसारित झालेल्या ‘रत्ना’ आंब्यात साका येत नाही.

दाट करायला दूध घालणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: आम्लता पीएच ४.६ च्या आसपास पोचली की दुधातलं केसिन हे प्रथिन गोठून त्याच्या गुठळ्या होतात. रस आंबट असेल तर वाटीत बारीक कण दिसतात. तूप मात्र निर्धास्त घ्या. आंब्यातला बीटा-कॅरोटीन हा रंग स्निग्धात विरघळतो आणि शरीरात चांगला शोषला जातो. चमचाभर पुरेसं होतं, वरून चिमूटभर मिरपूड.