मोहर सॉल्ट कमी का भरले? उतारा समजून घ्या

ठाणे, कळवा, ऐरोलीतून आमच्याकडे बारावीच्या प्रॅक्टिकलची रसायने न्यायला येणारे शिक्षक आणि विद्यार्थी दर हंगामात एकच तक्रार आणतात: "मोहर सॉल्ट (फेरस सल्फेट आणि अमोनियम सल्फेटपासून बनणारे फिकट हिरवे स्फटिक) हिशेबाने दहा ग्रॅमच्या आसपास यायला हवे होते, आले साडेसातसुद्धा नाही. माल भेसळीचा आहे का?" बहुतेक वेळा माल चांगला असतो. म्हणून हे पत्रक.

उतारा हा शब्द साखर कारखान्यामुळे सगळ्यांना माहीत आहे. १०० किलो उसातून ११ किलो साखर निघाली की उतारा ११ टक्के. रसायनशास्त्रातला उतारा, म्हणजे परसेंट यील्ड, थोडा वेगळा. इथे हाती आलेल्या पदार्थाचे वजन भागायचे ते कच्च्या मालाच्या वजनाने नव्हे, तर समीकरणानुसार जास्तीत जास्त जितका पदार्थ बनू शकतो त्या वजनाने. मग १०० ने गुणायचे.

मोहर सॉल्टसाठी नेहमीचे माप ७ ग्रॅम फेरस सल्फेट (सात पाण्याचे स्फटिक) आणि ३.५ ग्रॅम अमोनियम सल्फेट. रेणुभार अनुक्रमे २७८ आणि १३२, म्हणजे वजनाला रेणुभाराने भागून ०.०२५१८ मोल आणि ०.०२६५२ मोल (मोल हे रेणूंची संख्या मोजायचे माप). दोन्ही एकास एक लागतात, त्यामुळे फेरस सल्फेट आधी संपते. मोहर सॉल्टचा रेणुभार ३९२, म्हणून कमाल ९.८७ ग्रॅम. हाती ७.४ ग्रॅम आले तर उतारा ७५ टक्के. चुकून अमोनियम सल्फेटवरून हिशेब केलात तर कमाल १०.३९ ग्रॅम निघते आणि तोच उतारा ७१ टक्के दिसतो. वहीत हीच चूक आम्हाला सर्वांत जास्त आढळते.

उरलेले अडीच ग्रॅम कुठे गेले? बराचसा भाग गाळून उरलेल्या द्रावणातच विरघळलेला असतो. थोडा गाळणकागदाला, थोडा बशीला चिकटतो. स्फटिक भरपूर पाण्याने धुतलेत तर तेही वाहून जातात. पाणी आणि अल्कोहोलच्या गार मिश्रणाने, अगदी थोडे धुवा. सुरुवातीला पाण्यात विरल सल्फ्युरिक आम्ल घालायला विसरू नका, नाहीतर लोहाचे ऑक्सिडीकरण होऊन, म्हणजे फेरसचे फेरिक होऊन, फिकट हिरव्या स्फटिकांवर पिवळी झाक येते.

उतारा १०० च्या वर गेला तर आनंद मानू नका. स्फटिक ओले आहेत. जुलैतल्या इथल्या हवेत ते लवकर सुकत नाहीत, पण म्हणून बर्नरवर धरू नका: प्रत्येक रेणूतले पाण्याचे सहा रेणू उडू लागतात आणि वजन खोटे पडते. दोन गाळणकागदांत दाबून टिपा, कागद दोनदा बदला.

लेबलवरची शुद्धताही पाहा. ९८ टक्के लिहिले असेल तर ७ ग्रॅममध्ये खरे फेरस सल्फेट ६.८६ ग्रॅमच, आणि कमाल ९.६७ ग्रॅम.

बाटली उघडताच फेरस सल्फेट हिरवे न दिसता तपकिरी-पिवळे दिसले, तर तो माल वापरू नका. बिलासह बाटली घेऊन या, आम्ही बदलून देऊ.