हिप्परग्याचे मासे आणि जिल्ह्यातल्या संस्था

गेल्या महिन्यात सोलापुरातल्या आमच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीची बैठक होती. विषयपत्रिका सुरू होण्याआधी सचिवांनी मोबाइलवर आलेला मजकूर वाचून दाखवला : 'भारतात दर 400 माणसांमागे एक एनजीओ! शाळांच्या दुपटीहून जास्त!' खाली कुणीतरी जोडलं होतं, की यातल्या सगळ्या बोगस आहेत. एका सदस्यांना संताप आला. दुसऱ्यांना अभिमान वाटला, कारण राज्यांच्या यादीत 4.8 लाख संस्थांसह महाराष्ट्र पहिला होता. हा आकडा मोजला कसा, हे मात्र कुणीच विचारलं नाही. मी संख्याशास्त्र शिकवतो. मला तो प्रश्न घरी घेऊन जावा लागला.

आकडा खोटा नाही. केंद्रीय सांख्यिकी कार्यालयाने देशातल्या ना-नफा संस्थांची पाहणी केली आणि तिचा अंतिम अहवाल 2012 मध्ये आला. त्यात 2008 पर्यंत नोंदलेल्या सोसायट्यांची संख्या सुमारे 31.7 लाख होती. लोकसंख्येला तेवढ्याने भागलं की चारशेच्या आतबाहेरचा आकडा येतो. पण याच पाहणीचा दुसरा टप्पा फिरवाफिरवीच्या मजकुरात कधी दिसत नाही. त्या टप्प्यात कर्मचारी यादी हातात घेऊन पत्त्यांवर गेले. सुमारे 22 लाख पत्ते धुंडाळल्यावर संस्था सापडल्या 6.9 लाख. शंभरातल्या 31.

उरलेल्या 69 चोर होत्या का? तसं म्हणता येत नाही. 1860 च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली सात माणसं एकत्र आली की संस्था जन्माला येते. ती बंद पडते तेव्हा मात्र कार्यालयात जाऊन कुणी विसर्जनाचे कागद भरत बसत नाही. अध्यक्ष वारतात, सचिव मुलाकडे पुण्याला जातात, पदाधिकारी बदलल्याचा चेंज रिपोर्ट दाखल होत नाही, हिशेब थांबतात आणि नोंदवहीत नाव तसंच राहतं. काहींचा फक्त पत्ता बदललेला असतो. त्यातून आपल्या राज्यात आणखी एक गुंता आहे. सोसायटी म्हणून नोंदलेल्या संस्थेची सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंद होते. लेटरहेडवर 'महाराष्ट्र' या शब्दाने सुरू होणारा एक क्रमांक असतो आणि 'एफ' अक्षराचा दुसरा. एकाच संस्थेचे हे दोन क्रमांक वेगवेगळे धरले, की एकीच्या दोन होतात.

उलट बाजूलाही चूक होते. गल्लीतलं भजनी मंडळ, जुनी तालीम, शक्तीदेवीचं मंडळ यांपैकी अनेकांची कायमची नोंद कुठेच नसते. म्हणजे यादीत मेलेल्या आहेत आणि यादीबाहेर जिवंत आहेत. अशा वेळी एकूण जिवंत संस्था किती, हे सांगणारं शास्त्र आहे, आणि ते मासे मोजण्यातून आलं आहे.

समजा, सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या तलावात मासे किती, हे तलाव न उपसता सांगायचंय. जाळं टाकून 100 मासे धरा, त्यांच्या परावर खूण करा आणि परत सोडा. ते पाण्यात मिसळू द्या. काही दिवसांनी पुन्हा जाळं टाका. या वेळी 120 मासे आले आणि त्यातल्या 80 वर खूण होती, म्हणजे दुसऱ्या जाळ्यातले दोन तृतीयांश खुणेचे. जाळ्यातलं प्रमाण तेच तलावातलं, असं धरलं तर 100 खुणेचे मासे हे एकूण माशांच्या दोन तृतीयांश आहेत. एकूण मासे 150. सूत्र एका ओळीचं : पहिली संख्या गुणिले दुसरी, भागिले दोन्हींत सापडलेले. डेन्मार्कचे मत्स्यशास्त्रज्ञ पीटरसन 1896 मध्ये याच वाटेने गेले, 1930 मध्ये अमेरिकेत लिंकन यांनी बदकांसाठी हेच केलं, आणि दोघांची नावं आज या सूत्राला लागलेली आहेत. घरी करून बघायचं असेल तर डब्यात हरभरे घ्या, साठ हरभऱ्यांना पेनाने ठिपका द्या, डबा चांगला हलवा आणि न बघता पुन्हा साठ काढा. मी दर वर्षी वर्गात हे करतो आणि उत्तर खऱ्या आकड्याजवळ आलं की मुलांचे चेहरे बघत राहतो.

संस्थांना खूण करायला जाळं लागत नाही. एका यादीत नाव असणं हीच खूण. गणपतीत तर आपल्याकडे याद्या आपोआप तयार होतात : पोलिस ठाण्याकडच्या परवानगीची एक, मंडपासाठी महापालिकेची दुसरी, आणि सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम 41 क खाली वर्गणी गोळा करायला धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते त्याची तिसरी. प्रत्येक यादी म्हणजे एकदा टाकलेलं जाळं. एकाही यादीत सगळी मंडळं नसतील. पण किती मंडळं दोन याद्यांत आहेत हे कळलं, की एकाही यादीत नसलेल्यांचा अंदाज येतो. न दिसलेल्या गोष्टींची मोजदाद दिसलेल्या गोष्टींच्या सरमिसळीतून होते. गणितातली इतकी सुंदर कल्पना मला दुसरी सुचत नाही.

पण हे सूत्र चार अटींवर चालतं, आणि सोलापुरात चारही अटी मोडतात. म्हणून इथे जरा सावकाश जाऊ.

पहिली अट, दोन जाळ्यांच्या मध्ये मासे मरू नयेत. समजा नोंदवहीत 300 नावं आहेत आणि त्यातल्या 100 संस्थाच जिवंत आहेत. आम्ही रस्त्यावर फिरून 120 चालू संस्था शोधल्या, त्यातल्या 80 नोंदवहीत सापडल्या. सूत्रात 300 घातले तर उत्तर 450. खरं उत्तर, वर काढलं तेच, 150. चूक बरोबर तिप्पट, कारण नोंदवही तिप्पट फुगलेली आहे. म्हणून आधी नोंदवहीतली थोडी नावं चिठ्ठ्या टाकून निवडायची, त्या पत्त्यांवर जाऊन जिवंत किती ते बघायचं आणि त्या प्रमाणात 300 चे 100 करायचे. मग सूत्र.

दुसरी अट, खूण पुसली जाऊ नये. आपल्या शहरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू पाट्या शेजारी शेजारी आहेत. साखर पेठेतल्या एकाच संस्थेचं नाव पाटीवर एक, लेटरहेडवर दुसरं आणि नोंदवहीत तिसऱ्याच स्पेलिंगने असू शकतं. जुळणाऱ्या 80 पैकी 20 आपल्याला ओळखता आल्या नाहीत, तर 60 उरतात आणि 150 चे 200 होतात. याच्या उलटही घडतं. मार्कंडेय आणि सिद्धेश्वर ही नावं इथे इतक्या संस्थांना आहेत, की दोन वेगळ्या संस्था एक समजल्या जातात आणि आकडा घसरतो.

तिसरी अट, सगळे मासे जाळ्यात येण्याची शक्यता सारखी हवी. संस्थांत ती कधीच सारखी नसते. महाविद्यालय प्रत्येक यादीत असतं, भजनी मंडळ क्वचित एखाद्या. समजा 50 मोठ्या संस्था दोन्ही याद्यांत आहेत. 200 छोट्यांपैकी 50 पहिल्या यादीत, 40 दुसऱ्या यादीत आणि 10 दोन्हींत. सगळ्यांची बेरीज करून सूत्र लावलं तर 100 गुणिले 90 भागिले 60, म्हणजे 150. खरी संख्या 250 आहे. आता मोठ्या आणि छोट्या वेगळ्या करा. मोठ्यांचं उत्तर 50, छोट्यांचं 50 गुणिले 40 भागिले 10, म्हणजे 200. बेरीज बरोबर 250.

गट पाडून मोजण्याची ही युक्ती चंद्रशेखरन आणि डेमिंग यांच्या 1949 च्या निबंधात आहे. बंगालमधल्या सिंगूर भागातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी किती अपुऱ्या आहेत हे शोधताना त्यांनी ती मांडली. एका यादीत नोंदणी कार्यालयाची नावं, दुसरीत घरोघर फिरून मिळवलेली. मासे मोजण्याच्या पद्धतीला माणसं मोजायला आपल्या देशात आणलं गेलं, हे मुलांना सांगताना मला फार बरं वाटतं.

चौथी अट, दोन याद्या एकमेकींपासून स्वतंत्र हव्यात. सोसायटीचा क्रमांक आणि 'एफ' क्रमांक ही दोन जाळी नाहीत, एकाच जाळ्याच्या दोन गाठी आहेत. गणपतीच्या परवानग्यांचंही थोडं तसंच, कारण पोलिसांकडे गेलेला कार्यकर्ता पुढे महापालिकेतही जातो. अशा वेळी तिसरी यादी लागते आणि याद्यांमधलं नातं गणितात घालावं लागतं. ती समीकरणं इथे मांडत नाही.

ही पद्धत जिल्ह्याला परकी नाही. बार्शीत 1987 मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या गावांत कर्करोगाचे रुग्ण शोधायचे, हे तिचं काम. आपल्या यादीतून किती रुग्ण सुटले हे तपासायला जगभरच्या अशा नोंदण्या माशांचंच सूत्र वापरतात. आणि ही नोंदणी ज्या रुग्णालयाच्या आधाराने उभी राहिली तेही एका ना-नफा संस्थेचं आहे.

आता विविधतेबद्दल. संयुक्त राष्ट्रांच्या 2003 च्या पुस्तिकेत ना-नफा संस्थांचे बारा गट आहेत : संस्कृती, शिक्षण, आरोग्य, पर्यावरण, धर्म, कामगार संघटना वगैरे. कसोट्यांतली एक कडक आहे, नफा सभासदांत वाटता कामा नये. त्यामुळे कुंभारीजवळ विडी कामगार बायकांसाठी 10,000 घरं बांधणारी गोदूताई परुळेकर सहकारी संस्था कामाने कितीही मोठी असली तरी या हिशेबात बसवणं अवघड जातं, कारण सहकाराचा कायदा आणि चौकट वेगळी. मला ही रेष पटत नाही, पण मोजायचं तर रेष कुठेतरी आखावी लागते.

प्रकार किती, याचाही अंदाज बांधता येतो. तैवानच्या अ‍ॅन चाओ यांनी 1984 मध्ये दिलेलं सूत्र जीवशास्त्रज्ञ जंगलातल्या प्रजातींसाठी वापरतात. समजा 200 संस्था तपासल्या आणि 40 प्रकार मिळाले. त्यातले 12 प्रकार एकेकदाच दिसले आणि 6 दोनदा. 12 चा वर्ग भागिले 6 ची दुप्पट, म्हणजे 12. निदान इतके प्रकार अजून आपल्या नजरेला पडलेले नाहीत. एकेकदा दिसणारे प्रकार जितके जास्त, तितकं न पाहिलेलं जास्त.

प्रकार ठरवताना संस्थेच्या घटनेतल्या उद्देशांवर विसंबू नये. उद्देशात 'आरोग्यसेवा' लिहायचं आणि प्रत्यक्षात आजाऱ्याच्या गळ्यात ताईत बांधायचा, अशी संस्था आरोग्याच्या रकान्यात गेली तर तो रकाना खोटा ठरतो. राज्यात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, पण कायदा असूनही आकडेवारी आपोआप शुद्ध होत नाही. संस्थेच्या कामाला एका आकड्यात गुण देणाऱ्या चकचकीत डॅशबोर्डांनाही हेच लागू आहे. आत भरलेली यादी मेलेली असेल तर गुणही मेलेल्याचेच.

2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 43 लाखांवर होती. दर 400 मागे एक या हिशेबाने जिल्ह्यात जवळपास 10,800 संस्था व्हायला हव्यात. देशातल्या 31 टक्क्यांचं प्रमाण तसंच धरलं तर सापडतील तेवढ्या 3,350 च्या आसपास. यात नोंद नसलेली मंडळं धरलेलीच नाहीत. या दोन आकड्यांमधलं अंतर घरात बसून मिटत नाही.

म्हणून पुढच्या बैठकीत मी ठराव मांडणार आहे. आमच्या कन्ना चौकापासून साखर पेठेपर्यंतच्या गल्ल्या आठ भागांत वाटायच्या आणि वाचनालयाच्या सभासदांच्या मुलांनी जोड्या करून दोन रविवार फिरायचं. पहिल्या रविवारी पाट्यांवरून यादी करायची. दुसऱ्या रविवारी भाग बदलायचे, आणि या वेळी पाट्यांकडे न बघता पानपट्टीवाल्याला, किराणा दुकानदाराला आणि देवळाच्या पुजाऱ्याला विचारून यादी करायची. पाटी नसलेली तालीम दुसऱ्या यादीत येईल, पाटी असून बंद पडलेली संस्था पहिलीत राहील. ज्या संस्था फक्त पहिल्या यादीत आहेत त्यांचं दार वाजवायचं. दोन्ही याद्या जुळवायला तेलुगू आणि उर्दू वाचणारी मुलं लागतील. ती आमच्या गल्लीतच आहेत.